तांब्यातलं पाणी

सरकीचा वास आला की सेलूच्या वाचनालयातली ती कादंबरी आठवते. एक कुत्रा त्यात आपली कथा सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मी ओसरीवर ती वाचत रडत होते. गावाबाहेरच्या वस्तीतली, आमच्याकडं वेचणीला येणारी बाई पाणी मागायला अंगणात आली. मी तांब्यानं उंचावरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "कामून रडायल्या, ताई?" म्हटलं, "ह्यातलं कुत्रं तहानेनं मरायलंय. मालक पाणीच देत न्हाई." ती म्हणाली, "शिवायचं नसंल, तर वरून तरी वतायचं की त्यानं." तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं तांब्यात तोंड घातलं. मी त्याला हाकललं नाही. कादंबरीतल्या कुत्र्याचं पुढं काय झालं ते आज आठवत नाही, पण त्या दिवशी मी फक्त त्याच्यासाठीच रडले.