चौथा नाल

नालबंदाची जीभ तिखट, पण हात इतका हलका की तो खिळे ठोकत असताना घोडे उभ्या उभ्या डुलक्या काढत. स्वतःच्या मांडीवर थाप मारून “पाय दे, राजा” म्हटलं की भलताच आडमुठा घोडाही खूर उचलून द्यायचा. जॉकींना मात्र तो तोंडावर बुजगावणी म्हणायचा. पोटच्या पोरीने जॉकी व्हायचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा आठवडाभर फुरंगटून बसला. मग स्वतःच तिला रिकीब बांधायला शिकवलं. बापच तो, किती दिवस ताणून धरणार?

तबेल्यात एक रीत होती. शर्यतीत मेलेला घोडा चारही नालांसकट पुरायचा. करड्या घोड्याच्या वेळी ती मोडली. वळणावर कठड्याला आपटून तो पडला, तेव्हा मागच्या उजव्या पायाचा नाल उडून गवतात हरवला. माळ्याला तो सापडला तोवर करड्यावर माती पडली होती. नालबंदाने नाल शेडमध्ये उंच खिळ्याला टांगला आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

यंदा शेडला रंग दिला. रंगाऱ्याने भिंतीवरचं सगळं काढून, तेलाने लख्ख पुसून नालांच्या पेटीत टाकलं. कामसू माणूस, त्याला तरी काय बोलायचं?

पोरीच्या पहिल्या शर्यतीच्या दुपारी तिच्या तांबड्या घोडीला नालबंदाने त्याच पेटीतले नाल ठोकले. रंगीत सदरा घालून पोर शेजारी उभी होती. तिच्याकडे पाहता पाहता नालांकडे त्याचं लक्षच राहिलं नाही. मग मोतद्दाराने घोडीला सिमेंटच्या वाटेवर चालवलं.

टक, टक, टक, थप.

चौथा पाय अनवाणी वाजत होता. नालबंदाने तो उचलून पाहिला. नाल जागेवर होता, घट्ट. त्याच्या काठावर कठड्याची खोक होती. करड्याचा नाल त्याने लगेच ओळखला.

त्याने पकड लावून नाल उपटला. घाईत खुराचा टवका उडाला आणि घोड्यांच्या डॉक्टरांनी घोडी पळणार नाही असं सांगून टाकलं.

पोरीने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, “तुम्हाला मी घोड्यावर नकोच होते ना? झालं तुमच्या मनासारखं.”

त्याला खरं कारण सांगवेना. ती हसली असती, आणि ते हसणं त्याला सोसलं नसतं. दोघं कठड्याशी उभे राहिले, मधे हातभर अंतर ठेवून.

शर्यत सुटली. करडा पडला त्याच वळणावर सगळे घोडे आतली कड सोडून बाहेरून गेले. जॉकी लगाम आत खेचत होते, पण एकही घोडा तिकडे पाय टाकेना. एका घोड्यापुरती जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेतून मातीची ढेकळं मात्र उडत होती.

पोरीने बापाची बाही धरली.

घोडे कठड्यालगतच्या सिमेंटच्या वाटेने परतले. शेवटचाही आत गेला. वाट मोकळी झाली, तरी टापा येतच होत्या. टक, टक, टक, थप. त्या दोघांसमोर येऊन थांबल्या. पोर त्याच्या मुठीतल्या नालावरची खोक पाहत होती. आता तिला सगळं कळलं होतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “त्याचा आहे तो. त्याला घालून द्या.”

नालबंदाने हातोडी काढली. वाकला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, “पाय दे, राजा.”

त्याच्या मांडीवर एक जड, गार खूर येऊन टेकला.