सेव्ह होण्याआधीची फॅट

रेखाताईच्या भावाचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या एसटीत होतो. ‘गेली ती. लई दमली व्हती,’ एवढंच तो म्हणाला. वर्षभराच्या दवाखान्यानं आम्ही सगळेच दमलो होतो... मला रडूही आलं नाही.

रेखाताई जुन्नरच्या पेठेतल्या जैन किराणा दुकानदाराची मुलगी. दोन हजार सालाच्या आगेमागे तिनं दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि निरगुडसरहून आलेला मी तिच्या हाताखाली शिकलो. एका डेअरीत कोंडाबाई नावाच्या म्हातारीच्या दुधाची फॅट सारखी कमी दिसू लागली. ती दुधात पाणी घालते, असं गावात झालं. डेअरीनं तिचं दूध बंद केलं. म्हातारी शपथा घेत होती. ताईला चैन पडेना. सेव्ह झालेल्या नोंदींत तर फॅट कमीच होती. शेवटी म्हातारीची फॅट मुद्दाम चांगली टाकून जुन्या नोंदी पुन्हा भरल्या, तिनं प्रोग्रॅम पायरीपायरीनं चालवला, मध्येच थांबवला आणि मला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं. कमिट न झालेले, म्हणजे अजून कायमचे न नोंदलेले बदलही तिथं दिसतील अशी सोय तिनं केली होती. पहिल्या पायरीला म्हातारीची फॅट चांगली होती. पुढच्या पायरीला प्रोग्रॅमनं नुसत्या नावावरून शोध घेतला आणि गावातल्या दुसऱ्या कोंडाबाईचा आकडा हिच्यावर चढवला. मग सेव्ह. आधीच्या आकड्याचा मागमूसही उरत नव्हता.

ताई उठून डेअरीच्या चेअरमनकडे गेली. त्यांना म्हणाली, ‘म्हातारीनं पाणी नाही घातलं. मी घातलं.’

चेअरमनचं म्हणणं, गुपचूप दुरुस्त करा, बोभाटा नको. तिनं ऐकलं नाही. सकाळी डेअरीच्या रांगेसमोर उभी राहून चूक आपली असल्याचं तिनं सांगितलं आणि तशीच म्हातारीच्या घरी जाऊन पाया पडली. म्हातारी म्हणाली, ‘म्हस इकली बाई मी. लोकांचं बोलणं सोसंना. आता सांगून काय व्हनार?’



पुढं प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की ती सकाळी त्या डेअरीत जाऊन उभी राहायची. किटली रिकामी करून निघालेल्या प्रत्येकीला विचारायची, ‘आजची फॅट पटली का?’ आजारपणातही जायची, भिंतीला टेकून.

गेल्या आठवड्यात तिच्या जागी मी गेलो. पहिल्याच बाईला तेच विचारलं. तिनं हातातली फॅटची चिठ्ठी पाहिली, मग माझ्या मागं पाहिलं.

‘पटली. पन बाई का न्हाई आल्या?’

मी सांगितलं... रांग जरा वेळ पुढं सरकलीच नाही.