शेवटच्या कडव्यातलं नाव

जपानमधल्या ग्योतोकुतल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ आहेत की पलीकडे फोडणी मोहरीची पडली की जिऱ्याची, हे वास यायच्या आधी आवाजावरून कळतं. मी भिंतीला कान लावते असं कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही. लावावाच लागत नाही.

पलीकडे सिंधू राहते. नवरा रविकांत, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला आणि मग इथलाच झालेला. सिंधू बँकेतली नोकरी सोडून त्याच्यामागे आली आणि स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, तासावर पैसे मिळणारा बाइतो करायला लागली. दिवसभर भाताच्या ओनिगिरी विकायच्या आणि यंत्रासारखं वाकून आभार मानायचे. वैतागून तिने वॉर्डाच्या कम्युनिटी हॉलमधला हुलाचा, म्हणजे हवाईच्या नाचाचा, क्लास लावला. योगाचा भरला होता, हा उरला होता. माणसाचं आयुष्य असं रिकाम्या जागा बघून ठरतं.

नाचायला तिला आलं नाही. कंबर डावीकडे जायची आणि चेहरा दूध उतू जातंय का बघायला गेल्यासारखा. पण हुलाला गाणारं माणूस लागतं, आणि गाणी हवाईची, त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतली. क्लासमधल्या बायका ती कातकाना या जपानी लिपीत लिहून म्हणायच्या. सिंधूने देवनागरीत लिहून घेतली, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि लहानपणीचा गाण्याच्या क्लासचा गळा लावला. मोचिझुकी-सेन्सेई, म्हणजे क्लासच्या मालकीणबाई, तिथल्या तिथे ओळखून चुकल्या. पुढच्या महिन्यात सिंधू स्टेजवर होती, कानामागे प्लास्टिकचं फूल आणि हातात उकुलेले, गिटारीचं पिल्लू.

एका कार्यक्रमानंतर एक उंच, जाडजूड म्हातारी काठी टेकत आली आणि सिंधूचा दंड धरून म्हणाली, "तू काय म्हणतेस ते तुला कळत नाही. पण मला कळलं. मंगळवारी घरी ये."

ही आंटी पुआ. मूळची हवाईची, लग्न करून इथल्या तातामीच्या चटया विणणाऱ्या एकाच्या घरात पडलेली. नवरा गेल्यापासून तिची भाषा बोलायला या गावात मांजरसुद्धा नव्हतं. सिंधू तिच्या स्वयंपाकघरात बसून ती भाषा शिकली. वर्षानुवर्षं मंगळवार. आंटी कौतुक करणाऱ्यातली नव्हती. सिंधू रडत घरी यायची आणि भांडी आपटायची, हे मला अर्थातच भिंतीने सांगितलं.

मग सिंधू त्याच भाषेत स्वतः गाणी करायला लागली. तिकडच्या गाण्यांत म्हणे गावाचं वर्णन करताना तिथल्या वाऱ्याचं नाव घेतात, पावसाचं नाव घेतात. मग ही बाई ग्योतोकुच्या वाऱ्याला नाव काय म्हणून तोफूवाल्यापासून देवळातल्या भटापर्यंत सगळ्यांना विचारत फिरली. पूर्वी इथे मिठागरं होती, त्यावर तिने गाणं केलं. चिबापासून योकोहामापर्यंत हुलावाल्या बायका त्या मिठावर नाचल्या. आमच्या मराठी मंडळाने तिला गणपतीत बोलावलं आणि विचारलं, "त्याच चालीवर एखादं आपलं बसवता येईल का?" ती म्हणाली, "तुमच्या आरतीवर ते हुला करतील का?" पुन्हा बोलावलं नाही.

एवढं सगळं चांगलं चाललेलं आणि मग सिंधूने एक अस्सल आपल्या लोकांनीच करावा असा वेडेपणा केला.

आंटी थकली, नर्सिंग होममध्ये गेली. तेव्हा सिंधूने तिच्यावर गाणं केलं. नावाचं गाणं. त्यांच्याकडे असं गाणं ज्याच्यासाठी केलं त्याचं होऊन जातं. शेवटच्या कडव्यात 'आता सांगून झाली गोष्ट' असं म्हणून त्या माणसाचं नाव घ्यायचं. ते नाव पुसायचं नाही, बदलायचं नाही. सिंधूने ते आधी आंटीला ऐकवलं. आंटी म्हणाली, "दुसऱ्या कडव्यातला वारा चुकलाय." एवढंच. पण गादीखालून रुमाल काढला.

आणि आठवड्यातच गुरुपौर्णिमा आली. सिंधूला वाटलं, भाषा दिली आंटीने, पण स्टेज दिलं सेन्सेईंनी. तिने कंडेन्स्ड मिल्कचे पेढे केले, ताटात फुलं ठेवली, त्याच गाण्याचा कागद ठेवला आणि भरल्या क्लासात सेन्सेईंच्या पायाशी ताट ठेवून डोकं टेकलं. सेन्सेई आधी घाबरून मागे सरकल्या. मग भारावल्या. कागद दोन्ही हातांनी उचलून कपाळापर्यंत नेला.

आपण देवापुढे नारळ ठेवतो आणि प्रसाद म्हणून घरी आणतो. इथे तसं नाही. शिष्याने गुरूपुढे ठेवलेली वस्तू त्या घराण्याची. हे मी तिला सांगितलं असतं, पण मला पेढ्यांसाठी बोलावलंच नव्हतं.

क्लासच्या तिसाव्या वर्षाचा मोठा कार्यक्रम ठरला. रंगीत तालमीत सिंधूने आंटीचं गाणं सुरू केलं. हुलात हात बोलतात. फूल म्हटलं की बोटांचं फूल, लाट म्हटली की लाट. शेवटच्या कडव्याला सगळ्या बायकांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल केला. पौर्णिमेचा चंद्र. सिंधूच्या गाण्यात चंद्र नव्हता. चंद्र होता तो मोचिझुकी या आडनावात.

सेन्सेई गोड हसून म्हणाल्या, "सिंधू-सान, तुम्ही त्या दिवशी गाणं मला दिलंत. मी फक्त आंटींच्या जागी माझं नाव बसवून घेतलं. चंद्राचा शब्द शब्दकोशात पाहून. वजनात बसतं ना?"

त्या रात्रीची गोष्ट भिंतीमुळे मला तोंडपाठ आहे.

"चार अक्षरं आहेत सिंधू. म्हणून टाक आणि मोकळी हो," रविकांत म्हणाला.

"तुझ्या कोडवर दुसऱ्याचं नाव घातलं तर चालेल तुला?"

"कोडवर माझं नाव असतं कधी? कंपनीचंच असतं."

"म्हणून तू घोरतोस शांतपणे."

"अगं, सगळे कार्यक्रम त्यांच्याकडून येतात. एकदा नाही म्हणालीस की परत कोंबिनी. आणि आंटीला आता कुठे आठवतंय?"

मग एक दार आपटलं. मला वाटतं फ्रिजचं.

सकाळी लिफ्टमध्ये मी रविकांतला गाठलं. "काय रे, तुझ्या आजोबांच्या नावाने दुसऱ्याचं श्राद्ध घातलं तर चालेल का?"

"ताई, तुम्ही यात पडू नका."

"मी पडत नाही बाबा. भिंत पडायची राहिलीय फक्त."

सिंधूचा राग दिसत नव्हता, हीच भीती होती. कार्यक्रमाच्या दिवशी ती इस्त्री केल्यासारखी सरळ चालत आली. आंटीला व्हीलचेअरमधून आणून पहिल्या रांगेच्या टोकाला तिनेच बसवलं. मी शेजारी. हॉल भरलेला. स्टेजवर बायका, सगळ्या पिवळ्या, बासुंदीत केशर पडल्यासारख्या.

हुलाची एक रीत आहे. प्रत्येक कडव्याआधी नाचाची गुरू त्या कडव्याचे पहिले शब्द मोठ्याने पुकारते, मग गायिका ते उचलते. तोवर मधलं वाजवणं चालू राहतं आणि बायका जागच्या जागी झुलतात. सेन्सेई विंगेत माइक घेऊन उभ्या होत्या. पहिलं कडवं झालं. दुसरं, चुकलेल्या वाऱ्याचं. तिसरं. सेन्सेईंनी शेवटचं पुकारलं.

सिंधू गायली नाही. उकुलेले वाजत राहिलं.

बायका झुलत राहिल्या. सेन्सेईंनी पुन्हा पुकारलं, जरा जोरात, दात दाखवून. सिंधूने त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि वाजवत राहिली. मिक्सरचं बटण अडकावं तशा त्या पिवळ्या बायका डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. एकीचं हसू ओठांवरून घसरायला लागलं. मला हसू यायला हवं होतं, एरवी मी हसलेही असते. पण सिंधूचा जबडा बघून माझ्या हाताच्या मुठी झाल्या.

आंटी व्हीलचेअरमध्ये चुळबुळत होती. तिला चंद्र-बिंद्र काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की आपली विद्यार्थिनी कडवं विसरून बसलीय. तिने काठी जमिनीवर आपटली आणि ज्या आवाजात ती स्वयंपाकघरात ओरडायची त्याच आवाजात ते पहिले शब्द पुकारले. मग इंग्रजीत म्हणाली, "झोपलीस का गं?"

सिंधूने शब्द उचलले. आता सांगून झाली गोष्ट. आणि आंटी पुआचं नाव घेतलं, सबंध, ऱ्हस्व-दीर्घासकट, एकदा आणि रीतीप्रमाणे पुन्हा एकदा. वर सगळ्यांचे हात डोक्यावर गोल धरलेले होते. एवढ्या पौर्णिमा, आणि त्यांच्याखालून भलतीच बाई निघून गेली.

टाळ्या कडाडल्या. हॉलमध्ये कुणालाही काही कळलं नव्हतं. ती भाषा कळणाऱ्या दोघीच, एक स्टेजवर आणि एक खुर्चीत. सेन्सेईंना नावापुरतं कळलं. त्या येऊन कमरेत वाकल्या आणि हसल्या. ते हसू मी जपानमध्ये बरंच पाहिलंय. त्यापेक्षा आपल्याकडची शिवी मायाळू.

कुणी भांडलं नाही, हाच तर संताप आहे. भांडली असती तर मी चार शब्द घातले असते. पुढच्या आठवड्यात क्लासच्या पोस्टरवरून सिंधूचा फोटो गेला, पुढचे कार्यक्रम 'यंदा जरा अडचण आहे' म्हणून गेले. आणि काल एक पार्सल आलं. सेम्बेईचा, म्हणजे तांदळाच्या खारट बिस्किटांचा, उंची डबा, रेशमासारख्या कागदात, वर 'इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार'.

मी पोचले तेव्हा सिंधू तो डबा ओट्यावर घेऊन उभी होती. रविकांत म्हणाला, "ऑफिसला नेऊ का? टीमला आवडतील." तिने डबा स्वतःकडे ओढला. तो बूट घालून गेला.

"फेकायचंय," ती म्हणाली.

"आज प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार आहे. सेम्बेई कशा फेकशील?"

तिने डबा उघडला. प्रत्येक सेम्बेई वेगळ्या पाकिटात. तिने एकेक पाकीट फाडलं, प्लास्टिक प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाची बिस्किटं जळाऊ कचऱ्यात, कागद घडी करून वेगळा. त्यातली ओल शोषायची पुडीही वेगळी. माझ्यासाठी एकसुद्धा ठेवली नाही. मग रिकामा डबा जमिनीवर ठेवून पायाने चेपला. एकदा चेपला, नीट बसला नाही, म्हणून पुन्हा चेपला.

"आता काय करणार गं?" मी विचारलं.

"कोंबिनीत विचारलंय, सकाळची शिफ्ट आहे." तिने हात धुतले. "मंगळवार सोडून."

"आणि मंगळवारी?"

"दुसऱ्या कडव्यातला वारा बदलायचाय," ती म्हणाली. "आंटी अजून ओरडतेय."