शेठच्या बोटीचा राखणदार

नव्वदच्या दशकात मी शिरूरहून दौंडला एसटीनं जायचो. एकदा न्हावऱ्याजवळ रास्ता रोको झाला आणि गाडी दोन तास अडकली. दगडफेकीच्या भीतीनं सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. माझ्या शेजारचा मांडवगणचा माणूस मात्र निवांत शेंगा सोलत होता.

"ह्ये काय न्हाई," तो म्हणाला. "आफ्रिकेत शेठच्या याटीवर व्हतो मी. म्हंजी हौसेची बोट. तिकडं सरकार पडलं, गोळीबार सुरू झाला, तसा शेठ इमानात बसून पळाला. जाताना म्हनला, बोटीला ओरखडा पडता कामा नये."

मग ह्यानं त्या पांढऱ्याशुभ्र बोटीला काजळी आणि जळकं ऑइल फासलं, कठड्यावर स्वतःच्या फाटक्या चड्ड्या वाळत घातल्या. बंदरातल्या चकचकीत बोटी लुटल्या गेल्या. लुटारू ह्याच्याकडंही आले, पण दया येऊन ह्यालाच पाव देऊन गेले. एवढं सांगून तो टरफलाचा बोटांनी बारीक भुगा करत राहिला.

दोन महिन्यांनी शेठ परतला. बोटीचा अवतार बघून त्यानं ह्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

"मग निघाली का ती काजळी?" मी विचारलं.

त्यानं मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "शेठनंबी पयलं काजळीचंच इच्यारलं," तो म्हणाला. "मी कसा जगलो, ह्ये तुम्हीबी न्हाई इच्यारलं."

आता विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी पेपर उघडला.