निजून पाहिलेली जमीन

जिते स्टेशनवर पनवेलकडे जाणारी गाडी यायची होती आणि आई माझ्या बॅगेत गोधडी कोंबत होती. चेन काही लागेना. मी म्हटलं, "अगं, हॉस्टेलला कॉट असते, गादी असते." आई म्हणाली, "असू दे गो. गादी लोकाची. आनि खालती फरशीवर निजू नको, गारवा हाडात जातो." आमच्या घरातून कॉलेजसाठी पुण्याला निघालेली मी पहिलीच. निरोप घेताना काय बोलतात ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून गाडी येईपर्यंत आम्ही फरशीबद्दल बोललो.

हे मी तुम्हाला लिहितेय, खाडीकडे राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनाही. नीट जमेल की नाही सांगता येत नाही.

आमचं घर मिठागराच्या बांधालगत. हंगामाआधी मिठाच्या वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो. त्या कामात आईच्या टाचा फुटल्या त्या फुटल्याच. घरातली जमीन मात्र शेणानं सारवलेली, ऊबदार. तिच्यावरच आम्ही जेवलो, निजलो, तिच्यावरच पालथं पडून मी दहावीचा अभ्यास केला. खुर्ची होती एक, पण ती पाहुण्यांची.

मी पुण्याला गेले आणि पुढच्या वर्षी मिठागर बंद पडलं. बाबा आधीच गेले होते. उधाणाचं पाणी अंगणापर्यंत यायला लागलं, तेव्हा माझा दादा म्हणाला की आता आईला एकटं ठेवायचं नाही. तो रोह्याला कंपनीत शिफ्टवर असतो. नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात त्यानं फरशीच्या दोन खोल्या घेतल्या. आई तिथं आठवडाभर राहिली आणि परत गेली. "पाय ठनकतात," म्हणाली. "बर्फावर बसल्यावानी वाटतं." दादानं सतरंजी घातली, मग गालिचा घातला. उपयोग झाला नाही. शेवटी त्यानं मला फोन केला, "तू शिकलेली हायस. बघ ना काय करता येतंय का."

या वाक्याची मला अजूनही भीती वाटते. मी कॉमर्सला आहे, घराबिरातलं मला काय कळतं? पण मोबाइलवर शोधता शोधता लाकडी फ्लोअरिंग सापडलं. एकाच खोलीला, आईच्या, करून घ्यावं असं ठरलं. मी फिकट रंगाचं एक डिझाइन पसंत केलं. खरं सांगायचं तर त्या फोटोत खिडकीतून ऊन आलं होतं आणि एक कुत्रा गाढ झोपला होता, एवढंच कारण.

पेणच्या दुकानात आम्ही आईलाही नेलं. तिनं चपला बाहेर काढल्या. दुकानदारानं फळ्या जोडलेले चौकोन खाली मांडले आणि पॉलिश, जाडी वगैरे सांगायला लागला. आई थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग पदर सावरून माझ्या पसंतीच्या फळ्यांवर सरळ आडवी झाली.

"मावशी, अहो, हे चालायला असतं," दुकानदार म्हणाला.

"चालायला रस्ता हाय की बाबा. घरात मानूस निजतो."

दादा लाजून बाहेरच्या रिक्षा बघायला लागला. आई एका कुशीवर वळली. "ही नको. सरकते." मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी सागाच्या, बिनचकाकीच्या फळ्यांवर ती गाल टेकून इतका वेळ पडून राहिली की मी खाली वाकून पाहिलं. डोळे मिटले होते. "ही गार नाय," ती म्हणाली.

दुकानदारानं बजावलं, आपल्याकडची हवा दमट, त्यामुळे बसवण्याआधी फळ्या थोडे दिवस खोलीत नुसत्या पडू द्या, हवेला सरावू द्या. आणि पाणी सांडायचं नाही. दादानं ते एवढं मनावर घेतलं की सुताराच्या माणसांनाही तो पाय पुसायला लावूनच आत सोडायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा अष्टमीला गेले. दादानं आईला आधीच परत आणलं होतं. खोली सुरेख दिसत होती, आणि रिकामी होती. आईचं अंथरूण स्वयंपाकघरात, फरशीवर.

"आई, तुझी खोली?"

"ऱ्हाऊ दे ती चांगली. माझ्या टाचा खरखरीत, वरखडे उठतील. दादानं किती हौसेनं केलंय." मग हळूच म्हणाली, "भाऊबीज झाली की मी जाते गावाला." तिची पिशवी दाराआड भरलेली होती.

दादा मला म्हणाला, "तूच समजाव तिला."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरेखाकाकू आली. ही मिठागरातली आईची जोडीदारीण. बरोबर आणखी दोघी आणि टोपलीभर कोलंबी. पाय धुतले आणि तिघी थेट त्या खोलीत शिरल्या. आई "अगो, थांबा थांबा" करत मागे धावली.

काकूनं खाली पाहिलं. "अगो बाय! आख्ख्या खोलीभर पाट मांडलाय तुझ्या लेकानं!"

"पाट कसला, खराब होईल म्हनून..."

"पोरानं मांडलेला पाट सोडून तू चुलीपाशी बसतेस व्हय? अशी रीत हाय आपली? त्याला काय वाटत असंल?"

आमच्याकडे मांडलेल्या पाटावर न बसणं म्हणजे मांडणाऱ्याला परका ठरवणं. आई आधी कडेला टेकली. मग जरा आत सरकली. मग पेपर पसरून चौघी कोलंबी सोलायला बसल्या, आणि गावातल्या कुणाकुणाची निंदा सुरू झाली. पेपर भिजून पाणी फळ्यांवर उतरलं ते कुणी पाहिलं नाही.

दादानं पाहिलं. तो शिफ्टवरून येऊन दारात उभा होता. आई लगबगीनं उठायला लागली, तसा तो म्हणाला, "बस गं." मोजे काढले आणि तिच्या शेजारी मांडी घातली.

"शर्ट बदल आधी," काकू म्हणाली, "कोलंबीला कंपनीचा वास लागंल."

आई गावाला गेली, पण सारवण करून परत आली. आता ती अधूनमधून तशीच जाते. न सारवता ठेवलं तर त्या जमिनीला भेगा पडतात. तिला मी विचारलं नाही की यातलं घर कुठलं. मलाही पुण्यात कुणी विचारलं की मी थोडी अडखळते, आणि मग अष्टमी म्हणते. जिथं आपल्या हातून काही सांडलं तरी उठावं लागत नाही, ते घर असावं. हे माझं मत, चुकतही असेन.

फळ्यांवर एके जागी पांढरट डाग धरलाय. आई नेमकी तिथंच बसते.