आकाशावरची धूळ

मेन रोडवरच्या एका स्टुडिओत एक काका फोटो रिटच करायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. लग्नाळू मुलींच्या फोटोंवरचे देवीचे व्रण बारीक कुंचल्याने घालवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

कॉलेजात असताना गंगापूर धरणावर मी ताऱ्यांचा पहिला फोटो काढला. प्रिंट घ्यायला गेलो, तर आकाश काळंकुट्ट!

"लय धूळ होती हो," ते कौतुकाने म्हणाले, "एकेक ठिपका बुजवला."

"काका, तारे होते ते!" मी ओरडलोच.

त्यांनी ओल्या कापसाने रंग पुसून काढला. मग भिंग माझ्यापुढे धरलं. "आता यातली धूळ कुठली, तेवढी दाखवा."

बराच वेळ बघूनही मला सांगता येईना.

"मग असू द्या सगळेच तारे," ते म्हणाले.