टाळावयाचे शब्द

हवालदार लालासाहेब मोहिते फौजेतून पेन्शनीवर आले, तेव्हा भावकीला वाटलं, आता हा गडी ऊस लावील आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहील. लालासाहेबांनी ऊस लावला, पण निवडणुकीऐवजी वही धरली. सांगलीपासून एसटीनं तासाभरावरचं त्यांचं कृष्णाकाठचं गाव. तिथं हा ताठ पाठीचा माणूस सदऱ्याच्या खिशाला पेन अडकवून हिंडायचा आणि कुणाच्या तोंडून एखादा वेगळा शब्द आला की जागच्या जागी थांबून टिपून घ्यायचा.

हे वेड फौजेतच लागलेलं. लालासाहेब ट्रक चालवायचे. त्यांच्या तुकडीत नाना मुलखांची माणसं होती. शेजारच्या खाटेवर मारवाडातला भंवरसिंग. संध्याकाळी तो आपल्या बोलीतले दोहे म्हणायचा आणि लालासाहेब मराठीत त्याचा अर्थ लावत बसायचे. एकदा कसलासा फॉर्म भरायचा होता. मातृभाषेच्या रकान्यासमोर भंवरसिंगनं ‘मारवाडी’ सांगितलं. भरून घेणाऱ्यानं मान वर न करता ‘हिंदी’ लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. भंवरसिंग त्या दिवशी जेवला नाही. एवढंच म्हणाला, “लाला, मेरी माँ को तो हिंदी आती नहीं थी. फिर वो क्या गूँगी थी?”

ते वाक्य लालासाहेबांच्या काळजात रुतून बसलं. गावी आल्यावर त्यांनी ठरवलं, आपल्या आईची, आपल्या बायकोची, शेतात भांगलणाऱ्या बायकांची भाषा आपण लिहून काढायची.

बायको बनुबाई म्हणजे तर शब्दांची कणगीच. ती चुलीपुढं बसून बोलायची, हे दारात बसून लिहायचे. दिवसाच्या नुसत्या वेळा सांगायला लागली तरी पान भरायचं. तांबडं फुटलं, कासराभर दिवस वर आला, दिवस कलला, कडूसं पडलं. पावसाची तशीच गत. नुसती भुरभुर लागून राहिली तर बुरंगाट, उन्हाळ्यात अंगावर धावून आला तर वळीव. सीमेकडच्या गावातून शेजारच्या घरी सून होऊन आलेली साळूबाई बोलताना कानडी शब्द मिसळायची. तेही लालासाहेबांनी सोडले नाहीत. शब्द, अर्थ, कोण म्हणालं, कधी म्हणालं, आणि तो वापरून एक वाक्य, अशी फौजी शिस्तीची मांडणी. अकरा वर्षांत सात वह्या झाल्या.

या वह्यांची बातमी सांगलीच्या डॉ. सुमंत यांच्यापर्यंत गेली. निवृत्त प्राध्यापक, आता एका प्रकाशन संस्थेचे संपादक. ते स्वतः गाडी घेऊन गावात आले, बनुबाईच्या हातची भाकरी खाल्ली, वह्या चाळल्या आणि म्हणाले, “लालासाहेब, हे सोनं आहे. याचं पुस्तक झालंच पाहिजे. माझ्यावर सोपवा.”

लालासाहेबांनी सातही वह्या बनुबाईच्या जुन्या लुगड्यात बांधून त्यांच्या हवाली केल्या. झेरॉक्स काढून ठेवावी, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. शिकल्यासवरल्या माणसावर अविश्वास कसा दाखवायचा?

दीड वर्ष गेलं. फोन केला की “काम चालू आहे” एवढंच उत्तर.

लालासाहेबांची नात समीक्षा सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायची. एका शनिवारी ती घरी आली. चहा झाल्यावर तिनं सॅकमधून एक पातळ पुस्तिका काढून आजोबांच्या पुढ्यात ठेवली.

“आबा, क्लासमध्ये सगळ्यांना हे घ्यायला लावलंय. मुलाखतीत कसं बोलायचं त्याचं पुस्तक हाय.”

पुस्तिकेचं नाव होतं ‘शुद्ध बोला’. आत पानभर मजकुराचे दोन रकाने. डावीकडं ‘टाळावयाचे शब्द’, उजवीकडं ‘योग्य शब्द’. डावीकडं कडूसं, उजवीकडं संध्याकाळ. डावीकडं माळवं, उजवीकडं भाजीपाला. येरवाळीसमोर लवकर, कोरड्याससमोर कालवण, बुट्टीसमोर टोपली. बुरंगाटासकट सगळे डावीकडं रांगेनं उभे, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. लालासाहेब पानं उलटत गेले. शब्द त्यांचेच होते. वाक्यंसुद्धा त्यांचीच, ‘चुकीच्या वापराचे नमुने’ म्हणून छापलेली. पहिल्या पानावर संपादक म्हणून डॉ. सुमंत, आणि खाली बारीक अक्षरात आभार : ‘अशुद्ध उच्चारांचे नमुने पुरविल्याबद्दल श्री. लालासाहेब मोहिते व सौ. बनुबाई मोहिते’.

बनुबाईला अक्षर फारसं लागत नव्हतं. तिनं विचारलं, “माजं नाव हाय का त्येच्यात?”

“हाय,” लालासाहेब म्हणाले.

“काय म्हनून?”

त्यांनी पुस्तिका समीक्षाकडं सरकवली. तिनं मान खाली घालून वाचून दाखवलं. बनुबाईनं हातातलं पातेलं असं आदळलं की दारातली कोंबडी फडफडून पळाली.

“माज्या घरात बसून भाकरी खाल्ली त्येनं! तवा न्हाई त्येला घास अशुद्ध लागला?”

सोमवारी पहिल्या एसटीनं लालासाहेब सांगलीला गेले. सुमंतांनी हसून स्वागत केलं, चहा मागवला. लालासाहेबांनी चहाला हात लावला नाही.

“मी कोश दिला व्हता तुमाला. तुमी त्येची गुन्हेगारांची यादी केली.”

“असं बघू नका,” सुमंत समजावणीच्या सुरात म्हणाले. “कोश कोण विकत घेतो आज? तुमचं काम कपाटात धूळ खात पडलं असतं. उलट आता ते शेकडो मुलांच्या हातात गेलं. तुमच्या नातीला उद्या मुलाखतीत कुणी हसू नये, असं वाटत नाही का तुम्हाला?”

“हसणाऱ्याला तुमी काय शिकवताय?” लालासाहेबांचा आवाज चढला. “लाज वाटायची ती हसणाऱ्याला वाटू दे. माज्या नातीला का?”

सुमंतांनी घड्याळाकडं पाहिलं. लालासाहेबांनी वह्या मागितल्या. शिपायानं आतून गठ्ठा आणून दिला. लुगडं गेलेलं, वर नुसती सुतळी. तिथंच उभ्यानं लालासाहेबांनी पहिली वही उघडली. पानापानावर लाल शाई. त्यांनी निगुतीनं लिहिलेला प्रत्येक शब्द काटलेला, वर दुसरा शब्द लिहिलेला. ‘साळूबाई म्हणाली’ यावर फुली. बऱ्याच ठिकाणी रेघ इतकी जाड की खालचं अक्षरच वाचता येत नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठावर न उचललेला हात त्यांना त्या क्षणी मुठीत आवळून धरावा लागला. गठ्ठा काखोटीला मारून ते बाहेर पडले.

पंधरा दिवसांनी सांगलीशेजारच्या माधवनगरला त्या क्लासचा गुणगौरव समारंभ होता आणि प्रमुख पाहुणे होते डॉ. सुमंत. सराव परीक्षेतल्या गुणांसाठी समीक्षाचाही सत्कार होता, म्हणून घरच्यांना निमंत्रण. लालासाहेब म्हणाले, “मी येणार न्हाई.” बनुबाई म्हणाली, “आवं, मी जानार हाय. तुमी आला तर बरं, न्हाईतर पोरीला घिऊन जाते.”

ते गेले. सुमंतांनी शुद्ध भाषेवर भाषण केलं आणि शेवटी विचारलं, “कुणाला काही शंका?” तिसऱ्या रांगेतून बनुबाई उठली. डोईवरचा पदर सारखा केला.

“सायेब, मला इचारायचं हाय. कडूसं म्हनू नगा म्हनता. मग काय म्हनायचं?”

सुमंतांनी तिला ओळखलं. चेहरा क्षणभर बदलला. “संध्याकाळ म्हणायचं, आजी.”

“संध्याकाळ तर ऊन आसतं तवा बी आसती. पोरं शाळंतनं येत्यात ती बी संध्याकाळच. आमी कडूसं म्हनतो ते निराळं. समोर मानूस दिसतंय, पर कोन हाय ते वळकत न्हाई, ती येळ. त्येला तुमच्यात कोनचा सबुद हाय, तेवढा सांगा. मी उद्यापास्नं त्योच बोलते.”

सुमंतांनी “सायंकाळ” म्हणून पाहिलं, मग “तिन्हीसांजा”.

“तिनीसांजंला दिवा लावत्यात. कडूसं त्येच्या नंतरचं,” बनुबाई म्हणाली. “न्हाई ना सबुद? मग आमचा का काटला?”

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी काहींनी. सुमंत हसले, माइक ओढून घेत म्हणाले, “ग्रामीण माणसाचा हा गोडवा आपण जपलाच पाहिजे,” आणि त्या वाक्याला सभागृहानं आधीपेक्षा दुप्पट टाळ्या दिल्या. संयोजकांनी घाईघाईनं आभार मानून कार्यक्रम संपवला. बनुबाई उभीच होती.

बाहेर आल्यावर ती संतापानं रडली. “गोडवा म्हनतोय मेला. मी भांडायला उटले व्हते, आन ह्येला माजा गोडवा दिसला!”

पुस्तिकेची दुसरी आवृत्तीही निघाली. लालासाहेबांनी रजिस्टर पोस्टानं तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंही आलं नाही. फक्त नव्या आवृत्तीतून आभाराच्या ओळी काढून टाकल्या होत्या. शब्द मात्र तेच होते, डावीकडच्या रकान्यात.

समीक्षानं तो क्लास सोडला नाही. तिला परीक्षा द्यायची होती, आणि लालासाहेबांनीही तिला सोड म्हटलं नाही. पण दर रविवारी ती गावी येते. लाल शाईखालची अक्षरं उजेडात धरून वाचता येतील तेवढी वाचते, नाही लागली तर आजी सांगते, आणि मोबाईलवर टाइप करत जाते. सातपैकी दोन वह्या झाल्यात. साळूबाई मधल्या काळात वारली. तिचे पाऊणशे शब्द फुल्यांखाली गेलेत आणि ते सांगायला आता कुणी नाही. तिथं लालासाहेब समीक्षाला मोकळी जागा सोडायला लावतात आणि पुढं लिहायला सांगतात : ‘साळूबाईचा शब्द. शिकलेल्या माणसानं खोडला.’